एकाच शेअर्ड होस्टिंगवर ६ डोमेन, एसएसएल (साइटला एचटीटीपीएस देणारं सर्टिफिकेट) कसं सांभाळावं? बजेट वर्षाला २,०००

इतवारी_वेब: नमस्कार मंडळी. एकाच सीपॅनेल (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) अकाउंटवर ६ डोमेन आहेत: इतवारीतलं साड्यांचं दुकान, कळमन्यातले संत्र्याचे अडते, धरमपेठेतला दवाखाना, नंदनवनातले क्लासेस आणि आणखी दोन. चार ठिकाणी ऑटोएसएसएल (सीपॅनेलचं फुकट सर्टिफिकेट) आपोआप लागतं. दवाखाना आणि क्लासेसचं रिन्यू होत नाही. रूट अॅक्सेस (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नाही. सर्टिफिकेट विकत घ्यावं का?

धंतोली_होस्ट: व्हीपीएस (स्वतःचा वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या भाऊ, मोकळे व्हा. महिन्याला हजारेक जातील, पण सगळं आपल्या हातात राहतं.

संत्रानगरी: वर्षाचे २,००० म्हणतायत ना ते! वाइल्डकार्ड घ्या, एकातच सगळं भागतं. आमच्याकडे मस्त चालू आहे.

सदर_सर्व्हर: नाही भागत. वाइल्डकार्ड एकाच डोमेनच्या सबडोमेनला चालतं, तेही एकाच पातळीवर. इथे सहा वेगळी डोमेन आहेत. मल्टी-डोमेनही (अनेक डोमेनचं मिळून एक सर्टिफिकेट) घेऊ नका. एक ग्राहक सोडून गेला की अख्खं सर्टिफिकेट नव्याने काढावं लागतं. एसएनआयमुळे (ब्राउझर जोडतानाच डोमेनचं नाव सांगतो) एकाच आयपीवर प्रत्येक डोमेनचं वेगळं चालतं, तेव्हा वेगळ्या आयपीवरही पैसे घालवू नका.
सीपॅनेलमध्ये 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' उघडा आणि त्या दोन नावांखालची लाल एरर इथे टाका.

महाल_डिझाइन: क्लाउडफ्लेअर (साइटसमोर बसणारी मधली सेवा) लावा, फुकट आहे. नेमसर्व्हर बदलले की काम झालं.

सदर_सर्व्हर: एवढ्यावर होत नाही. मोड 'फ्लेक्सिबल' (क्लाउडफ्लेअर ते सर्व्हर विनाएन्क्रिप्शन) ठेवला आणि साइटवर एचटीटीपीएस रीडायरेक्ट असला तर साइट गोल गोल फिरत राहते. 'फुल स्ट्रिक्ट' (तिथेही सर्टिफिकेट तपासून एन्क्रिप्शन) ठेवायचं. आणि मेलच्या रेकॉर्डवरचा ढग राखाडी (म्हणजे क्लाउडफ्लेअरला वगळून) ठेवायचा, नाहीतर आउटलुक जोडलं जात नाही.

धंतोली_होस्ट: फुकटचं सर्टिफिकेट कमजोरच. दवाखान्याला तरी पैसे देऊन घ्या.

सदर_सर्व्हर: एन्क्रिप्शन तेच असतं. पैसे देऊन घेतलेल्याची मुदतही कमी होत चालली आहे: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १००, २०२९ मध्ये ४७. हाताने बसवणाऱ्याचे हाल आहेत.

इतवारी_वेब: दवाखाना: पडताळणीची फाइल (डोमेन आपलंच आहे हे दाखवणारी) भलत्याच सर्व्हरवर शोधली जाते. क्लासेस: त्याच फाइलला ४०३ (प्रवेश नाही). दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, जिओवर जुनी साइट दिसते, ब्रॉडबँडवर नवी.

सदर_सर्व्हर: मग दुखणं सापडलं. दवाखान्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींमध्ये) जुन्या होस्टचा क्वाड-ए (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याचा) रेकॉर्ड राहिला आहे. जिओ आयपीव्ही६ वर चालतं, म्हणून तिथे जुनी साइट. पडताळणी करणाराही आधी आयपीव्ही६ वरच जातो. तो रेकॉर्ड काढा.
क्लासेसमध्ये डॉटने सुरू होणाऱ्या फाइल-फोल्डरना एचटीअॅक्सेसमधून (साइटच्या नियमांच्या फाइलमधून) बंदी असणार. सिक्युरिटी प्लगइन असे नियम टाकतात. पडताळणीची फाइल असते त्या 'वेल-नोन' फोल्डरला त्यातून सूट द्या. त्यात एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून मोबाइलवर उघडून बघा. उघडली तरच 'रन ऑटोएसएसएल' दाबा. सारखं दाबू नका. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) एका नावाला तासात ५ फसलेल्या पडताळण्यांनंतर थांबवतं.

महाल_डिझाइन: सीएए (सर्टिफिकेट कोणी द्यायचं हे सांगणारा) रेकॉर्डही बघा. त्यात दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर सर्टिफिकेट मिळतच नाही.

संत्रानगरी: हो, क्वाड-ए काढा. मीही तेच म्हणणार होतो.

इतवारी_वेब: क्वाड-ए काढला, दवाखान्याला लागलं! क्लासेसचं मात्र विकतच घेतो. त्यांचा एचटीअॅक्सेस दुसरा माणूस सांभाळतो, हात लावू देत नाही, आणि मालकांना बिल हवं आहे. एका डोमेनचं साधं डीव्ही (फक्त डोमेनची मालकी तपासून मिळणारं) बजेटात बसतं.

सदर_सर्व्हर: मला पटत नाही, पण घेताय तर पडताळणी फाइलने नको, डीएनएसमधल्या सीनेम रेकॉर्डने करा; फाइल पुन्हा ४०३ वरच अडकेल. सीएसआर (सर्टिफिकेटचा अर्ज) सीपॅनेलमधूनच काढा, प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) कोणाला मेल करू नका. बसवताना सीए बंडलचा (मधल्या सर्टिफिकेटांचा) रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर कॉम्प्युटरवर साइट नीट उघडेल आणि पोरांच्या अँड्रॉइडवर एरर येईल.