नरक्या तोडूनच कॅन्सरचं औषध करायचं का?

चंदगडकर:
आमच्या चंदगड-दोडामार्गच्या रानात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन असतं आणि त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनतात. म्हणून रातोरात टेम्पो भरतात. खोड तोडतातच, मुळंही उपटतात. मग फुटवा येणार कुठून? वनस्पतीतल्या द्रव्यावर संशोधन करणाऱ्यांनी लागवडीची सोय आधी करावी, मगच शोध जाहीर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मीनल_औषधशास्त्र:
अजिबात पटलं नाही. कॅम्पटोथेसिन 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. (वाणी जन्माने नंदुरबारचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं.) पुढे 1970च्या दशकात चाचण्या थांबल्या, कारण रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होत होती. त्यावरून बेतलेली औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला 1996 उजाडलं. जे द्रव्य कामी येईल की नाही हेच ठाऊक नाही, त्यासाठी तीस वर्षं झाडं कोण लावत बसणार?
माझ्या आईला आतड्याचा कॅन्सर होता. इरिनोटेकान सुरू झाल्यावर ती दीड वर्ष आमच्यात होती. या संशोधनाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं मला सहन होत नाही.

चंदगडकर:
ताई, आईंचं वाचून गलबललो. पण नरक्यात हेच द्रव्य आहे हे 1972 पासून माहीत आहे. तुमच्याच हिशेबाने 1996 पर्यंत चोवीस वर्षं हातात होती. एवढ्यात नरक्याची बाग उभी राहिली असती.

प्रयोगशाळेतून:
वेगळ्या वाटा शोधल्या गेल्यात. 2005 साली नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून हेच द्रव्य मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. वाटलं, टाकीत बुरशी वाढवली की झाडाला हात लावायला नको. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या की द्रव्य बनवणं कमी करत जातात. टॅक्सॉल या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचं नशीब चांगलं होतं. त्यासाठी पॅसिफिक यू या झाडाची साल काढून झाडं मारायची वेळ आली होती, तेव्हा युरोपीय यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून औषध पुरं करता आलं. पानं पुन्हा येतात. नरक्याच्या पानात मात्र हे द्रव्य लाकडापेक्षा कमी. त्यामुळे चंदगडकरांचा लागवडीचा आग्रह बरोबर, शोध दडवून ठेवण्याची अट चूक.

काजूबागायतदार:
लागवड, लागवड म्हणताय, पण माझ्या बांधावरचा नरक्या आणि रानातून चोरलेला नरक्या नाक्यावर वेगळा कसा ओळखणार? लाकूड तेच, वास तोच. कष्ट मी करायचे आणि चोर ठरायचं, हे जमणार नाही.

चंदगडकर:
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. लावतानाच ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे नोंद केली तर? आमच्या गावची समिती कागदावर आहे. येत्या ग्रामसभेत तिची बैठक मागतो.