वाचनालयाच्या लिनक्स संगणकावर यूएसबी उपकरणे मध्येच दिसेनाशी होतात : मार्गदर्शन हवे

खाडीकाठ (गुहागर तालुका)

नमस्कार. दाभोळ खाडीच्या काठावरील आमच्या गावच्या वाचनालयाचा संगणक मी गेली तीन वर्षे सांभाळतो. त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि पुस्तकांच्या नोंदी व देवघेव ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत होते. पुस्तकांवरील पट्टी वाचणारा बारकोड स्कॅनर आणि संध्याकाळी सात वाजता बॅकअप घेण्यासाठी ठेवलेली बाहेरची छोटी हार्ड डिस्क, अशी दोन उपकरणे एका चार तोंडांच्या हबला जोडलेली आहेत. हब खिडकीलगतच्या टेबलावर आहे आणि त्याला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नाही.

मृग लागल्यापासून दोन्ही उपकरणे त्रास देत आहेत. सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिली दोन-चार पुस्तके व्यवस्थित नोंदली जातात. मग एखादे वाचक बोलत बसले आणि थोडा वेळ गेला, की स्कॅनरचा आवाज येतो पण आकडा पडद्यावर उमटत नाही. तार काढून पुन्हा घातली, की तो संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच होते. डिस्कचे मात्र काही ठरलेले नाही. कधी ती बॅकअप चालू असताना नाहीशी होते, कधी संगणक सुरू करताना सापडतच नाही, आणि पावसाची झड असली म्हणजे हे जास्त होते. तार बदलून झाली, प्रणाली अद्ययावत करून झाली. यूएसबीचा चालकच (ड्रायव्हर) बिघडला असावा असे समजून डेबियन नव्याने बसवावे का, असा प्रश्न पडला आहे.

जांभा (रत्नागिरी)

कृपया एवढ्यात काही नव्याने बसवू नका. आपण दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या खाती मांडल्या आहेत, पण वर्णन वाचून ते दोन वेगळे आजार वाटतात, आणि ते वेगळे करण्याचे साधन कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदवहीत आहे. टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा ‘हायफन डब्ल्यू’ जोडून चालू ठेवा (डेबियनवर तिच्याआधी ‘सुडो’ लावावे लागते) आणि उपकरण बंद पडण्याची वाट पाहा. ज्या क्षणी ते बंद पडते त्या क्षणी तिथे काही उमटते की नाही, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘यूएसबी डिसकनेक्ट’ किंवा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ अशा ओळी आल्या, तर विजेचा किंवा जोडणीचा दोष जवळजवळ नक्की समजावा. उणे ७१ म्हणजे तारेवरून येणारे संकेत नियमाप्रमाणे नाहीत, अशी कर्नेलची तक्रार असते. उपकरण मुके झाले आणि नोंदवहीही गप्प राहिली, तर कर्नेलने ते स्वतःच झोपवले असण्याची शक्यता मोठी.

आपला स्कॅनर मला झोपवलेला वाटतो, आणि त्याची खूण आपणच दिली आहे : तार काढून घातली की तो दिवसभर चालतो. प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी कर्नेल ‘सिस’ या फोल्डरखाली एक नोंद ठेवतो आणि तिच्यात ‘पॉवर’ खाली ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘ऑन’ असेल तर उपकरण जागे राहते. ‘ऑटो’ असेल तर ते रिकामे बसल्यावर, म्हणजे मूळ ठरावानुसार २ सेकंदांनी, त्याला झोपवण्याची मुभा मिळते. कळफलक, माउस, स्कॅनर यांना कर्नेल आपण होऊन ‘ऑटो’ लावत नाही. म्हणजे आपल्या संगणकावर दुसरे कोणीतरी ते सुरू होताना एकदाच लावत असावे, आणि आपण तार काढून घातल्यावर नवी नोंद तयार होऊन ती पुन्हा ‘ऑन’ होत असावी. संकेत मिळताच आपण जागे होऊ, असे काही उपकरणे कर्नेलला कळवतात, पण प्रत्यक्षात त्यांना जाग येत नाही. स्कॅनरमध्ये हा दोष मी पूर्वीही पाहिला आहे. अलीकडे वीज वाचवण्यासाठी आपण काही बसवले होते का?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

आपला तर्क बरोबर निघाला. मे महिन्यात वीज वारंवार जात होती, तेव्हा इन्व्हर्टर अधिक वेळ टिकावा म्हणून मी ‘पॉवरटॉप’ हे वीज वाचवणारे साधन बसवून त्याची ‘ऑटो-ट्यून’ सेवा संगणकाबरोबर सुरू होईल अशी लावून ठेवली होती, आणि नंतर ती साफ विसरलो. ‘कंट्रोल’ फाइलमध्ये सकाळी ‘ऑटो’ होते, तार काढून घातल्यावर ‘ऑन’ झाले. नोंदवहीत स्कॅनरबद्दल एकही ओळ नाही. डिस्क गेली तेव्हा मात्र आधी ‘डिसकनेक्ट’ आणि पाठोपाठ तीन वेळा उणे ७१ आले.

जांभा (रत्नागिरी)

मग ती सेवा ‘सिस्टमसीटीएल’ ही आज्ञा वापरून बंद करा आणि संगणक एकदा सुरू करून पाहा. पुष्कळ ठिकाणी बूट होताना ‘यूएसबीकोर डॉट ऑटोसस्पेंड’ या कर्नेलच्या सेटिंगची किंमत उणे १ द्यावी असे सुचवलेले आढळेल. त्याने सर्वच उपकरणांची झोप बंद होते. तो उपाय चुकीचा नाही, पण दोष कोठे आहे ते कळलेले असताना सर्वांना जागे ठेवण्याची गरज नाही.

माडाची सावली (मालवण)

डिस्कबद्दल लिहितो. मी गेली बारा वर्षे किनाऱ्यावर संगणक दुरुस्त करतो आणि पावसाळ्यात येणाऱ्या यूएसबीच्या तक्रारींत तोंडातील पट्ट्या खराब झालेल्या मला सतत दिसतात. खाऱ्या हवेतील मीठ पट्टीवर बसते, दमट दिवसांत ते ओल धरते, आणि सोन्याचा पातळ मुलामा जिथे घासला गेला असेल तिथे खालचे तांबे हिरवे पडू लागते. यूएसबीच्या जुन्या तोंडात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्टीवर थर बसला, की उपकरण ओळखले जाते, थोडा वेळ चालतेही, आणि जास्त वीज ओढू लागताच विजेचा दाब घसरून ते खाली बसते.

त्यात आपल्या हबला अ‍ॅडाप्टर नाही. यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिअ‍ॅम्पिअर आणि ३.० च्या तोंडातून ९०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यावेत, असा मानकाचा नियम आहे. २.० च्या बिनअ‍ॅडाप्टरच्या हबने मात्र प्रत्येक तोंडाला केवळ १०० मिलिअ‍ॅम्पिअरची हमी द्यायची असते. आतील तबकडी फिरू लागताना डिस्कला याच्या कितीतरी पट वीज लागते. उन्हाळ्यात पट्ट्या कोरड्या होत्या म्हणून हे कसेबसे निभावले असणार.

डिस्क थेट संगणकाच्या मागच्या बाजूच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या, तोंडात लावा. पुढची तोंडे आतून एका तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात, मागची मदरबोर्डवरच बसवलेली असतात; म्हणून मागची निवडावीत. पट्ट्या साफ करताना संगणकाचा मुख्य प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला मऊ ब्रश वापरा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, उरलेला मुलामाही जाईल.

वेतोबाचा पार (वेंगुर्ला तालुका)

डिस्क सापडत नव्हती, त्या दिवशीचे बॅकअप कोठे गेले, हे कोणी विचारलेले नाही. आपली स्क्रिप्ट डिस्क जोडली जाते त्या फोल्डरमध्ये फाइल ठेवत असेल आणि डिस्क तिथे नसेल, तर लिनक्स कुरकुर न करता ती फाइल संगणकाच्या आतल्या डिस्कवर, त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहितो. पुढे डिस्क जोडली गेली, की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात आणि दिसत नाहीत. डिस्क अनमाउंट करून, म्हणजे तिची त्या फोल्डरशी असलेली जोडणी सोडवून, तो फोल्डर एकदा उघडून पाहाच. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने तपासणी घाला, म्हणजे डिस्क नसेल तर ती तिथेच थांबेल आणि तसे सांगेल. ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे कोणती डिस्क कोठे जोडायची त्या यादीत, ‘एसडीबी १’ असे नाव लिहिले असेल तर त्याऐवजी डिस्कचा यूयूआयडी (तिची न बदलणारी ओळखखूण) लिहा आणि डिस्क नसली तरी संगणक सुरू व्हावा म्हणून ‘नोफेल’ जोडा. चालू असताना डिस्क सुटून पुन्हा जोडली गेली तर तिला ‘एसडीसी’ हे नाव मिळू शकते.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

नऊ दिवसांनी लिहितो आहे. ‘पॉवरटॉप’ची सेवा बंद केल्यापासून स्कॅनर एकदाही मुका झालेला नाही. हबचे तोंड टॉर्च लावून पाहिले, तर डिस्क लावत होतो त्या तिसऱ्या तोंडात कडेच्या एका पट्टीवर जवळजवळ निम्म्या लांबीपर्यंत हिरवट थर होता. उरलेली तोंडे स्वच्छ होती. डिस्क मागच्या तोंडात लावली आहे आणि कालच्या झडीतही बॅकअप पूर्ण झाला. स्कॅनर अजून हबवरच, पहिल्या तोंडात आहे, आणि हब खिडकीपासून हलवून कपाटात ठेवला आहे.

वेंगुर्ल्याच्या सभासदांची शंकाही खरी ठरली. डिस्क अनमाउंट केल्यावर त्या फोल्डरमध्ये सहा दिवसांच्या बॅकअप फाइली सापडल्या. सर्व उघडून तपासल्या, शाबूत आहेत, आणि आज दुपारी डिस्कवर हलवल्या. तपासणीची ओळ स्क्रिप्टमध्ये घातली आहे. डिस्क मुद्दाम काढून चालवून पाहिली, तेव्हा ती थांबली आणि डिस्क जोडलेली नसल्याचे पडद्यावर आले.