कॉन्डोत 'नो पेट्स' आणि दंडाचं पत्र – तुमचे अनुभव सांगा

टॅम्पाहून (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या आठवड्यात इथल्याच एका ओळखीच्या ताईंचा रात्री साडेअकराला फोन आला. बिल्डिंगनं कुत्र्यापायी दंड लावलाय आणि रडत रडत विचारत होत्या, "आता घर जप्त करतील का गं?" दोन वर्षांपूर्वी मी याच भीतीतून गेलेय म्हणून धागा काढतेय, आधी माझं सांगते.

फ्लोरिडात दोन बेडरूमचा कॉन्डो आहे आमचा, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट. घेताना जो कागदांचा गठ्ठा आला त्यात डिक्लरेशनमध्ये (इमारतीच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजात) पाळीव प्राणी चालणार नाहीत असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आम्ही सही केली, तेव्हा प्राणी पाळायचं डोक्यातच नव्हतं. मग एका पावसाच्या संध्याकाळी लेक पार्किंगमधून मांजराचं पिल्लू स्वेटशर्टात गुंडाळून घेऊन आली, एवढंसं, डोळे पण नीट उघडले नव्हते. दर तीन तासांनी उठून ड्रॉपरनं भरवलं तिला. दोन दिवस ठेवू म्हणता म्हणता पाच महिने झाले, मनी खिडकीत बसायला लागली आणि खालून कोणीतरी फोटो काढून मॅनेजरला पाठवला.

पहिल्या पत्रात नुसती समज, दुसऱ्यात थेट दिवसाला 100 डॉलर. नवरा कॅल्क्युलेटर घेऊन बसला, दीड महिन्याचे साडेचार हजार होतात म्हणाला, त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

नंतर ओळखीच्या वकिलाला विचारलं तेव्हा कळलं की इथल्या कॉन्डो कायद्यात (कलम 718.303) दंड दिवसाला 100 च्या वर नाही आणि उल्लंघन चालूच राहिलं तरी सगळा मिळून 1000 च्या वर जाऊ शकत नाही. दुसरं म्हणजे आधी 14 दिवसांची लेखी नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते, आणि ती सुनावणी बोर्ड (इमारतीचा कारभार बघणारं मंडळ) घेत नाही, बोर्डानं नेमलेली किमान तीन जणांची वेगळी कमिटी घेते, तिच्यात बोर्डवाले, असोसिएशनचे पदाधिकारी, कर्मचारी किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत, तिनं नाही म्हटलं तर दंड लागतच नाही. आणि या दंडाचा बोजा घरावर चढवता येत नाही, हे त्या ताईंना सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा आवाज जरा खाली आला.

आम्हाला पत्र सुनावणीच्या नऊच दिवस आधी मिळालं होतं. पाकीट जपून ठेवलेलं, तारखेसकट पुढे ठेवलं, कमिटीनं दंड नामंजूर केला. मी आनंदानं उठले तर मॅनेजर शांतपणे म्हणाला की दंड गेला, नियम तिथेच आहे, प्राणी राहिला तर मालकांची असोसिएशन पुढची कारवाई करू शकते. ते खरंच होतं. मनीचं काय झालं ते शेवटी सांगते. तुम्ही लिहा.

मिसिसागाहून

आमची गोष्ट भाड्याच्या घराची. कॅनडातल्या ऑन्टारिओत भाडेकरारात घरमालकानं 'प्राणी नको' लिहिलं तरी ते कलम कायद्यानं रद्द धरतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि आम्ही त्याच्याच भरवशावर राहिलो. पण कॉन्डोच्या स्वतःच्या डिक्लरेशनमध्ये बंदी असेल तर ती भाडेकरूलाही लागते हे कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मॅनेजमेंटनं 250 डॉलरचा 'दंड' पाठवला. इथे कॉन्डोला दंड लावायचा अधिकारच नाही, तसं लेखी कळवलं, त्यांनी गपचूप मागे घेतला. मग महिन्याभरानं त्यांच्या वकिलाचं पत्र आलं आणि त्या पत्राचा खर्च घरमालकाच्या नावावर पडला, त्यानं तो आमच्याकडे मागितला, दंडापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे 'दंड बेकायदेशीर आहे' एवढ्यावर निवांत राहू नका. ऑक्टोबर 2020 पासून प्राण्यांचे वाद कॉन्डो ट्रिब्युनलकडे ऑनलाइन नेता येतात, अर्ज मालक किंवा कॉन्डोच करू शकतात, भाडेकरू नाही, पण आम्ही त्याआधीच्या वर्षी अडकलो होतो, नाहीतर घरमालकाला तिथेच जायला सांगितलं असतं.

क्वीन्स, न्यू यॉर्कहून

आमचं को-ऑप आहे (इमारत एका कंपनीची, आपण तिचे भागधारक), नियम तोच. पण न्यू यॉर्क शहरात 1983 पासून पेट लॉ आहे, तुम्ही प्राणी उघडपणे ठेवलात आणि इमारतीला कळून तीन महिन्यांत त्यांनी कोर्टात दावा लावला नाही तर ते कलम त्या प्राण्यापुरतं त्यांना वापरता येत नाही. माझे बाबा रोज सकाळी कुत्र्याला घेऊन पुढच्या दारानं, सुपरला (इमारतीची देखभाल बघणाऱ्याला) गुड मॉर्निंग म्हणत जायचे. मी घाबरून म्हणायचे, बाबा मागच्या जिन्यानं जा ना, तर म्हणायचे, चोरी केलीये का आपण? आठ महिन्यांनी पत्र आलं तेव्हा तो रोजचा गुड मॉर्निंगच कामाला आला, सुपरनं स्वतः सांगितलं की मी यांना पहिल्या आठवड्यापासून बघतोय. कॉन्डोवाल्यांनी मात्र वकिलाला विचारूनच घ्या, कोर्टांनी हा कायदा कॉन्डोला शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांत) सारखा लावलेला नाही.

न्यू जर्सीहून

मुलगा ऑटिस्टिक आहे, शाळेतून आला की कुत्र्याच्या अंगावर डोकं ठेवून वीस मिनिटं पडतो आणि मगच बोलतो. फेडरल फेअर हाउसिंग कायद्यात असा मदतनीस प्राणी 'पेट' धरत नाहीत, त्यामुळे नो-पेट्स नियमातून सवलत मागता येते आणि त्याचे वेगळे पेट चार्जेसही घेता येत नाहीत, नुकसान केलं तर मात्र भरून द्यावं लागतं. आमची चूक अशी की कुत्रा आधी आणला आणि अर्ज नंतर केला. पहिल्यांदा ऑनलाइन मिळणारं सर्टिफिकेट जोडलं, ते परत आलं, मग मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन परिच्छेदांचं साधं पत्र दिलं आणि ते मान्य झालं. मधल्या काळाचे 300 डॉलर आम्ही भरले, भांडलो नाही. पण गरज नसताना हा रस्ता धरू नका हो, हात जोडून सांगते, खोटी पत्रं वाढली की माझ्या मुलाच्या पत्राकडेही लोक संशयानं बघतात.

बोस्टनजवळून

मी उलट्या बाजूनं लिहितोय, आमच्या कॉन्डोच्या बोर्डावर आहे. आमच्या मजल्यावरच्या एका आजींना मांजराची इतकी ॲलर्जी आहे की दोनदा इमर्जन्सीत न्यावं लागलंय, त्यांनी ही बिल्डिंग निवडलीच त्या नियमासाठी. पत्र पाठवताना मलाही बरं वाटत नाही. पण नियम बदलायचा असेल तर मालकांच्या सह्या गोळा करा, मीटिंगला या, दुरुस्ती मांडा. आमच्याकडे तीन वर्षांत एकही जण आला नाही.

ठाण्याहून

इकडे कॉन्डो नाही, सोसायटी, पण दुखणं तेच. आईकडे गावठी कुत्री आहे, राणी. सेक्रेटरीकाकांनी लिफ्टचे महिना 500 लावले आणि एजीएममध्ये प्राणीबंदीचा ठराव केला. आई म्हणाली, "भाऊ, राणी लिफ्टमध्ये चढतच नाही, घाबरते, आम्ही दोघी जिना उतरतो." तरी मेंटेनन्सच्या बिलात रक्कम आलीच. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत बहुमतानंसुद्धा सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी पैसे घेऊ नयेत असं आहे, केरळ हायकोर्टानंही 2021 मध्ये सरसकट बंदी बेकायदेशीर ठरवली. आदर्श उपविधींप्रमाणे दंड लावायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस हवी, म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आम्ही मेंटेनन्स पूर्ण भरला, दंडाची रक्कम वगळली, का वगळली ते लिहून पोच घेतली आणि उपनिबंधकांकडे अर्ज दिला. दोन महिन्यांनी बिलातून ती ओळ गायब. काका अजून आईशी बोलत नाहीत, पंचवीस वर्षांची ओळख, आईला त्याचंच जास्त लागलंय.

टॅम्पाहून (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, ठाण्याच्या काकूंचं वाचून गलबलून आलं. बोस्टनवाल्या दादांचंही पटलं, आमच्या इथे दुरुस्तीसाठी मी सह्या घेतेय, आत्तापर्यंत एकोणीस झाल्यात, अजून बऱ्याच हव्यात.

मनी आम्हाला ठेवता आली नाही. वीस मिनिटांवर मैत्रिणीचं स्वतःचं घर आहे, अंगण आहे, तिथे असते. लेक दर शनिवारी सायकलनं जाते, खिशात खाऊची पुडी असते, आणि गेटचा आवाज झाला की ती धावत येते म्हणे.