घरातल्या पोरांचे फोटो : तुमची लेन्स कोणती?

लहान मुलांचे आणि घरच्यांचे फोटो काढायला लेन्स कोणती घ्यावी, यावर तुमचे अनुभव हवे आहेत. इंग्रजीत सल्ले ढीगभर सापडतात, पण ते लिहिणाऱ्यांच्या घरांना भिंतभर खिडक्या असाव्यात. आमचं घर कुडाळजवळ, चिऱ्याचं, कौलारू. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. मुलगी तीन वर्षांची, पुतण्या सहा वर्षांचा, आणि गणपतीत घरात माणसं किती हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. कॅमेरा निकॉनचा, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. लेन्स एकच घेणार आहे. तुम्ही कोणती वापरता, ती कुठे जमते आणि कुठे अडते, तेही लिहा. 'कॅमेराच नवीन घे' हा सल्ला कृपया नको, बायको हे वाचते.

खळ्यातला

आधी मत सांगतो, मग कारण. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमी ही खळ्यातली, म्हणजे अंगणातली लेन्स आहे, माजघरातली नव्हे. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ दिसतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं. सगळे '५० घे, स्वस्त आणि मस्त' म्हणतात ते फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशोबाने. क्रॉपवर तीच ५० निकॉन-सोनीला ७५ सारखी आणि कॅननला ८० सारखी दिसते.

हिशोब करून बघा. तीन वर्षांचं पोर उभं आहे आणि आडव्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत यायला हवं, वर-खाली थोडी जागा सोडून. ५० ला तुम्हाला तेरा-चौदा फूट मागे जावं लागतं, ३५ ला साडेनऊच्या आसपास. आमच्या माजघरात तेरा फूट मागे गेलं की माणूस थेट पडवीत पोचतो आणि मध्ये भिंत येते!

माझ्याकडे निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). २००९ सालची लेन्स, वजन २०० ग्रॅम, आणि ३० सेंटिमीटरवरचं फोकस होतं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण लहान पोरं लांबून फोटो काढू देतच नाहीत. कॅमेरा दिसला की काचेला बोट लावायला येतात. आंबोळीचं पीठ लागलेलं ते बोट आणि त्याच्यामागचे डोळे, आमच्या घरातला सगळ्यांचा आवडता फोटो हाच.

पैसे घालायच्या आधी एक करा. १८-५५ आठवडाभर ३५ वरच ठेवून वापरा, रिंगला हात लावायचा नाही. मग आठवडाभर ५० वर. उत्तर तुमचं घरच देईल.

दापोलीची सून

वरच्यांशी सहमत, पण खरा प्रश्न अंतराचा कमी आणि उजेडाचा जास्त आहे. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ६४०० ठेवून जिथे शटर कसंबसं १/३० सेकंद मिळत होतं, तिथे १/३०० मिळतं. बसलेल्या मुलाला १/२५० पुरतं, पळणाऱ्याला १/५०० तरी हवं. लेन्समधलं व्हीआर (थरथर कमी करणारी सोय) तुमचा हात सांभाळतं, पोराचा नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आमच्याकडे आरतीला दीर झांजा घेतात आणि त्यांचा मुलगा त्यांच्या शेजारी उभा राहून टाळ्या पिटतो. तिथे मी १/१०० वरच थांबते. हात थोडे धूसर येतात, चेहरा टिपला जातो, आणि आरतीचा जोर दिसतो. दुसरं कारण मखराच्या लाईटी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटर फार वेगवान केलं की एका फोटोत बाप्पा पिवळा, पुढच्यात काळपट, कधी आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० ठेवलं की कटकट संपते. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर त्या वेळी बंदच ठेवा.

आणि दिवसा फ्लॅशच्या आधी घरातलं काचेचं कौल शोधा. त्याखाली पाट टाकून पोराच्या हातात काहीतरी खायला द्या. उन्हाचा कवडसा थेट चेहऱ्यावर नको, जमिनीवर पडू दे. शेणाने सारवलेली जमीन असो की लाल कोबा, खालून जो उजेड वर येतो त्याला तोड नाही.

गुहागरचा माड

एक विरोधी मत नोंदवतो. आमचा मुलगा बुजरा. कॅमेरा जवळ आणला की आईच्या पदराआड. त्याच्यासाठी ५० च बरी. मी पडवीच्या एका टोकाला बसतो, तो दुसऱ्या टोकाला सुपाऱ्या रचत असतो, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम, १६० ग्रॅम, खिशात मावते. धिटाईने गळ्यात पडणाऱ्या पोरांच्या बापांनी ३५ घ्यावी.

फक्त दीड मीटरवरून एफ १.८ ला फोकसची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटर असते. एक डोळा स्पष्ट, कान गेला. दोन भावंडं असतील तर एफ ४ शिवाय दोघांचे डोळे धरत नाहीत.

मालवणी काकी

माका त्या नंबरातला काय कळना नाय. झिलान नातीचो फोटो काढल्यान, बरो इलो. पण मागे माझी तुळस होती ती सगळी पुसून गेली. मिया इचारलंय, अरे तुळस खय गेली? तर म्हणता, आये, त्याकाच पैसे मोजलंय!

खळ्यातला

काकी, तुमचं शंभर टक्के बरोबर. मागचं सगळं धूसर करायची हौस पहिले सहा महिने प्रत्येकाला असते. वीस वर्षांनी मुलगी तो फोटो बघेल तेव्हा तिला तुळस, पेळेवरची गोधडी आणि भिंतीवरचं कॅलेंडरही बघायचं असेल. उजेड असेल तिथे एफ ४, एफ ५.६ ला या. १.८ अंधारासाठी आहे.

हर्णैचा वारा

सगळे घरातच बसलेत, मी किनाऱ्यावरचं लिहितो. तिथे ३५ कामाची नाही. पोर पाण्याच्या कडेने सुटलं की क्षणात इतकंसं दिसायला लागतं. माझी ५५-२५० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम तिथेच वसूल होते. उन्हाला तोटा नसतो, त्यामुळे एफ ५.६ ला १/१००० सहज मिळतं.

आपला समुद्र पश्चिमेला, हे डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं. संध्याकाळी तुम्ही वाळूत उभे राहून समुद्राकडे कॅमेरा धरलात तर पोरं काळ्या आकृती होतात. उड्या मारताना छान दिसतात, पण आजीला नातवाचं तोंड हवं असतं. त्यासाठी स्वतः पाण्याच्या बाजूला जा आणि किनाऱ्याकडे तोंड करून फोटो काढा. सोनेरी ऊन सरळ चेहऱ्यांवर येतं. सकाळी उलट, तुम्ही वाळूत आणि पोरं पाण्याकडे. संध्याकाळी पाठ समुद्राकडे असेल तेव्हा दुसऱ्या कोणालातरी लाटांवर आणि मुलांवर लक्ष ठेवायला उभं करा. कॅमेऱ्यातून बघणारा माणूस राखण करू शकत नाही.

लेन्स तिथे बदलायची नाही म्हणजे नाही. बाहेर सरकणारी झूम वाळू आत ओढते, मग फिरवताना करकर आवाज येतो. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची, नंतर ओलसर फडक्याने बाहेरून पुसून खार काढायचा. आधी पुसलंत तर चरे पडतात.

मोबाईलवाला

लेन्स नसलेल्यांसाठी दोन ओळी. फोनचा साधा कॅमेरा बराच वाईड असतो, साधारण २४-२६ मिमीसारखा. जवळ गेलं की पोराचं नाक मोठं आणि कान गायब. दोन पावलं मागे सरकून २x करा.

चिपळूणचा फोटोवाला

लग्नं-मुंजी करून पोट भरतो, आणि सेकंडहँड लेन्स बघायला लोक माझ्याकडे आणतात. आपल्याकडे लेन्सचा शत्रू पाऊस नाही, हवा आहे. जूनपासून ओल उतरत नाही आणि काचेवर बुरशी धरते. विकत घेताना लेन्सची दोन्ही झाकणं काढा, तोंड पूर्ण उघडा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की दाम अर्धं सांगितलं तरी घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण असतील तर घाबरायचं कारण नाही, फोटोत येत नाहीत.

घरी ठेवायला महागडं कपाट लागत नाही. रबर लावलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं. चामड्याच्या पाऊचमध्ये लेन्स ठेवू नका, बुरशीला तेच आवडतं. आणि एसीच्या खोलीतून बाहेर येताना कॅमेरा बॅगेतच राहू दे. लगेच काढलात तर काच धुकटते आणि लोक ती शर्टाने पुसतात.

कुडाळकर दादांनी ३५ घ्यावी असं माझंही मत. पण निकॉनमध्ये एक बघा. बहुतेक जुन्या 'डी' लेन्सना फोकससाठी स्वतःची मोटर नसते, आणि डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यातही ती नसते. म्हणजे ५० मिमी 'डी' स्वस्तात मिळेल, पण फोकस हाताने फिरवत बसाल आणि तोवर पोर शेजाऱ्यांच्या वाड्यात. 'एएफ-एस' (आत मोटर असलेली) लिहिलेलीच घ्या. 'डी' वर आकड्यांची छिद्राची कडी असते, तिच्यावरून लगेच ओळखू येते. तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल कोणतं ते लिहा, मग भावाचं बोलू.