खळ्यातली सूर्यमाला: मुलांना ग्रहतारे दाखवतानाचे तुमचे अनुभव

खळ्यातून
काल रात्री आठला वीज गेली. घरात उकडायला लागलं म्हणून लेकीला घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, बसले. माडाच्या झावळ्यांमधून एक ठळक ठिपका दिसत होता, अजिबात न लुकलुकणारा. "आई, ते विमान थांबलंय का गं?" गुरू होता तो. आणि एकदम बाबा आठवले.

आमचं लहानपण गुहागरकडचं. मी चौथीत असेन. पुस्तकात सूर्याशेजारी नऊ ग्रह ओळीने उभे, जवळजवळ एकाच मापाचे. बाबांनी ते चित्र बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मला आणि भावाला घेऊन किनाऱ्यावर निघाले. हातात एक असोला नारळ, आणि खिशात आईच्या मिसळणाच्या डब्यातली पुरचुंडी.

नारळ वाळूत ठेवला. वीतभर रुंद, हा सूर्य. मग पावलं मोजत चोवीस मीटर गेले आणि माझ्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवला. "ही पृथ्वी. आपण सगळे, समुद्रासकट, हिच्यावर." मोहरीपासून चार बोटांवर खसखशीचा एक दाणा, तो चंद्र. वाऱ्याने उडू नये म्हणून मी श्वास धरून उभी. गुरूसाठी सोललेली सुपारी, सव्वाशे मीटरवर. शनीला जरा लहान सुपारी, सव्वादोनशेवर. नेपच्यून म्हणजे चवळीचा दाणा, सातशे मीटर लांब. भाऊ ती चवळी मुठीत धरून धावत गेला, वळून बघितलं तर त्याला नारळ दिसेना. तिथेच रडायला लागला. प्लूटोसाठी बाबांनी रव्याचा कण आणला होता, पण तोवर अंधार पडला.

ते मोकळं अंतर मला कुठल्याच चित्रातून कळलं नसतं. तुम्ही तुमच्या पोरांना, नातवंडांना कसं दाखवलंत? लिहा ना.

सड्यावरची
नारळ दिसेना!! वाचताना अंगावर काटा आला. मी पाचवीला शिकवते. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन हे करणारच. एक शंका, या मापाने सर्वात जवळचा तारा कुठे ठेवायचा?

खळ्यातून
@सड्यावरची मीही बाबांना हेच विचारलं होतं. आता हिशोब केला. प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षं, म्हणजे या मापाने साधारण 6300 किलोमीटर. आपल्या किनाऱ्यावरून थेट इटलीच्या आसपास.

सड्यावरची
बाई गं. आणि मधे काहीच नाही.

उधाण
आमच्याकडे पुस्तक वगैरे नव्हतं, आजोबा होते. मालवणातले, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे. मी विचारलं, पाणी किती वाजता चढणार? तर वर बोट करून म्हणाले, "झिला, घड्याळ वर आसा, खाली नाय." अमावास्या-पुनवेला सूर्य, चंद्र आणि आपण एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून उधाण, मोठी भरती. अष्टमीला दोघे काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे लहान भरती. माझ्या मुलाला हे मी जेटीवर उभं राहून शिकवलं. तिथीची पाऊणपट करून तो आता भरतीची वेळ सांगतो.

पुण्यात_अडकलेली
पाऊणपट म्हणजे?

उधाण
अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पुनवेला पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण होडी काढायला पुरतं. चंद्र रोज पाऊण तासाने उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते.

पुण्यात_अडकलेली
माहेर दापोली, आणि हे मला आज कळतंय. आईला आत्ता फोन लावते.

पोफळीखाली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. 26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. मुलांना सूर्याकडे बघू द्यायची भीती वाटत होती. सासूबाई तांदूळ चाळत होत्या, त्यांच्या हातातली चाळण उन्हात आली आणि सारवलेल्या अंगणात शेकडो चंद्रकोरी पडल्या. प्रत्येक भोकाची एक, अर्धवट झाकलेल्या सूर्याची. आंब्याखालीसुद्धा तेच, पानांच्या फटीतून कोरीच कोरी. धाकटी त्या गोळा करायला बसली. शिट्टी झाली, येते.

दर्यावर्दी_घर
25 ऑक्टोबर 2022. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. पाचच्या आधीच ग्रहण लागलं आणि सूर्य तसाच मावळला, ग्रस्तास्त. आम्ही ग्रहणाचे चष्मे आधीच मागवून ठेवले होते. आमची आजी ग्रहणात पाणीसुद्धा पीत नाही, तुळशीपत्र ठेवल्याशिवाय भांडं झाकत नाही. तिला कुणी काही समजावलं नाही. पण सातवीतला नातू म्हणाला, "आजी, चंद्र मधे आलाय, फक्त सावली आहे, बघ तरी." तिने नऊवारीचा पदर सावरला, चष्मा लावला आणि गडग्यावर, दगडी कुंपणावर, टेकून शेवटपर्यंत बघत राहिली. कडेला घास घेतलेला सूर्य पाण्यात उतरला तेव्हा तिने हात जोडले. नातवानेही जोडले. मला दोन्ही पटलं.

सड्यावरची
@दर्यावर्दी_घर डोळ्यांत पाणी आलं हो. आजींना नमस्कार सांगा.

देवगडकर
आम्ही विजयदुर्गाला नेतो पोरांना. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी तिथून गेली होती. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रहण बघताना तिथेच हेलियम शोधला असं गावात सांगतात. जत्रेतल्या फुग्यातला वायू आधी सूर्यावर सापडला म्हटल्यावर पोरं गप्प झाली.

जुना_मास्तर
@देवगडकर ओटे पोरांना जरूर दाखवा, फक्त एक दुरुस्ती. सूर्याच्या उजेडाच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा दिसते, ती लॉकियर यांनी 20 ऑक्टोबर 1868 ला इंग्लंडमधून पाहिली. ग्रहणाच्या वेळी जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो 1895 मध्ये, रामसे यांना. विजयदुर्ग खग्रासच्या वाटेवर होतं हेच केवढं मोठं आहे.

देवगडकर
मास्तर, आभार. पोरांना नीट सांगतो. बाकी यंदा मोहोर कसा आहे तुमच्याकडे?

जुना_मास्तर
पहिला गळला. दुसऱ्यावर भिस्त.

हापूसची_पेटी
मोहोराचा विषय निघालाच म्हणून. मे महिन्यात भाचरं येतात, आम्ही पेट्या भरत असतो, पोरं पायात पायात. रत्नागिरीत 8 मेच्या आसपास दुपारी साडेबारा वाजून गेले की सूर्य बरोब्बर डोक्यावर. मी पावडरचा डबा उन्हात उभा ठेवला. सावली आखडत आखडत नाहीशी झाली. भाच्याने डबा उचलून खाली बघितलं, सावली तिथे लपलीय का म्हणून! ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा असा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ असतं.

सातवा_माड
आमच्या आईच्या तोंडी अजून हर्षलच, युरेनस नाही. 1781 मध्ये हर्शेल यांनी शोधला म्हणून पंचांगात ते नाव. मुलगी शाळेत हर्षल लिहून आली, मार्क गेला. खूप हिरमुसली. मी तिला सांगितलं, नाव बरोबर आहे, फक्त आजीच्या शाळेतलं.

नवीन_दुर्बीण
लेकासाठी दुर्बीण घ्यायचीय. काय घेऊ? शनीची कडी दिसायला हवीत.

जुना_मास्तर
आधी साधी दोन डोळ्यांची 10×50 घ्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची. गडग्यावर कोपर टेकून गुरू बघा, शेजारी चार बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिले तेच चंद्र. रोज कागदावर त्यांची जागा काढायला लावा, चौथ्या दिवशी तोच ओरडत येईल. कड्यांना मात्र टेलिस्कोप लागतो.

बोटीवरच्याची_बायको
नवरा जहाजावर. 2020 साली कोरोनामुळे उतरायला मिळेना, मुलगा सहा वर्षांचा. 21 डिसेंबरला गुरू-शनी जवळजवळ चिकटले होते. आम्ही दिवेलागणीला किनाऱ्यावर गेलो आणि समुद्रावर ते दोघे बघितले. काही तासांनी बाबाचा फोन आला, त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यालाही दिसत होते. मुलगा एवढंच म्हणाला, "आपण एकाच गोष्टीकडे बघतोय." तेव्हापासून रोज संध्याकाळी आधी आकाश, मग फोन.

पोफळीखाली
@बोटीवरच्याची_बायको गं. काय लिहू. आता घरी आहेत का?

बोटीवरच्याची_बायको
हो, गणपतीला आलेत. आत्ता मुलाला नारळ सोलून देतायत. नको सोलू म्हटलं, सूर्य लागणार आहे.

खळ्यातून
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला नंतर लिहिते. उद्या रविवार, लेकीला घेऊन किनाऱ्यावर जायचं ठरलंय. सुपारी, मोहरी, चवळी बांधून ठेवली. सातशे मीटर सपाट वाळू हवी. ओहोटी किती वाजता असेल?

उधाण
तिथी कुठली?

खळ्यातून
षष्ठी.

उधाण
मग भरती साडेचारला. पाणी उतरेल ते साडेदहा-पावणेअकराला. नऊला निघा, वाळू थंड असते तोवर. आणि खसखस दोन दाणे जास्त घ्या, वारा आहे.