मदत हवी आहे: स्तोत्र १३० मधली ‘दया’ अहिराणीत कशी सांगावी?

सलाम मंडळी. साक्री तालुक्यात दर रविवारी संध्याकाळी ८-१० शेतमजुरांसोबत बायबल अभ्यास असतो. बहुतेकांना वाचता येत नाही, बोलणं अहिराणी, वेळ जेमतेम ४० मिनिटं.

अडलंय स्तोत्र १३०, वचन ७-८ वर. तिथला हिब्रू शब्द ‘हेसेद’: करार मोडणाऱ्यालाही न सोडणारं प्रेम. स्तोत्र १३६ च्या २६ही वचनांत तोच आहे. सर्व पापांतून सुटका याच प्रेमाच्या जोरावर होते, त्यामुळे शब्द चुकला की पुढचं सगळंच घसरतं.

‘दया’ म्हटलं की मालकानं टाकलेली भीक वाटते. ‘माया’ जवळचा, पण लगेच पैसाअडका आठवतो. सालदारीचं (वर्षभराच्या ठरावानं मालकाकडे राबण्याचं) उदाहरण दिलं, तर अर्थ उलटाच निघाला: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेलं साल मोडलं की उचल परत करा, संबंध संपला! रोमकरांस ६ साठी मात्र तेच उदाहरण नेमकं बसतं (पाप हा जुना धनी; धनी बदलला, जुन्याचा हुकूम संपला), तिथे ते ठेवणार आहे. होशेयची गोष्ट (बेइमान बायकोला परत घेणारा संदेष्टा) नको. गटातल्या एका घराला ती फार लागेल.

अहिराणी घरात बोलणाऱ्यांनी सांगा: समोरच्यानं शब्द मोडला तरी आपण त्याला सोडत नाही, याला तुमच्याकडे काय म्हणतात?