शब्दचर्चा : किरणोत्सारी कचऱ्याची 'विल्हेवाट' म्हणजे नेमकं काय?

विचारणा

नमस्कार. मुलांच्या एका मासिकासाठी अणुवीज केंद्रातल्या कचऱ्यावर छोटा लेख लिहिला होता. त्यात माझं वाक्य होतं, 'या कचऱ्याची विल्हेवाट लावायला शेकडो वर्षं टिकेल अशी जागा लागते.' छापून आलं ते असं : 'हा कचरा नष्ट करायला शेकडो वर्षं लागतात.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, विल्हेवाट म्हणजे नष्टच करणं ना? मुलांना सोपं जावं म्हणून बदललं." मला पटलं नाही, पण का पटलं नाही ते धड सांगताही येईना.

तर प्रश्न दोन. डिस्पोझलला 'विल्हेवाट' चालेल की दुसरा शब्द शोधावा? आणि व्हिट्रिफिकेशनला काय म्हणावं? मी 'काचेत बंद करणे' असं लिहिलं होतं.

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं आधी. तुमचा शब्द अचूक होता. बदललेलं वाक्य नुसतं ढोबळ झालेलं नाही, ते चूक आहे.

'अकारविल्हे यादी' हा शब्द आठवा. अक्षरांच्या क्रमाने लावलेली यादी. यातला 'विल्हे' म्हणजे क्रम, वर्ग, ज्याची त्याची जागा. कामं विल्हेला लावली म्हणजे ती संपवून टाकली असं नव्हे, मार्गी लावली. म्हणजे विल्हेवाट लावणं म्हणजे मुळात निवडून, वर्गवारी करून, प्रत्येक गोष्ट तिच्या जागी पोचवणं. 'मृतदेहाची विल्हेवाट', 'पुराव्याची विल्हेवाट' हे गुन्हेवृत्तांमुळे कानात बसलं आणि शब्दाला नाहीसं करण्याचा वास लागला. बाईंचा कान आजचा आहे, त्यांना दोष देत नाही. पण किरणोत्सारी कचऱ्यासाठी या शब्दाचा जुना अर्थच हवा, कारण हा कचरा नाहीसा करता येतच नाही.

मी अशा कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. किरणोत्सार अणूच्या गाभ्यातून येतो. जाळणं, आम्लात विरघळवणं, कुजवणं हे सगळं गाभ्याच्या बाहेरच्या बाहेर घडतं. कामाचे हातमोजे, फडकी, कागद जाळले तर आकारमान खूप कमी होतं, पण किरणोत्सारिता राखेत तशीच उरते. दूषित पाणी रेझिनमधून, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यं धरून ठेवणाऱ्या कृत्रिम राळेच्या मण्यांमधून, गाळलं तर पाणी स्वच्छ होतं आणि रेझिन किरणोत्सारी होतं. जागा बदलली, एवढंच. म्हणून 'प्रक्रिया केली' हेही जपून लिहावं. सांडपाण्यावर प्रक्रिया केली म्हटलं की वाचक 'आता ते निरुपद्रवी झालं' असं समजतो. इथे प्रक्रिया म्हणजे कचरा आटवणं, गोळा करणं आणि हलणार नाही अशा रूपात आणणं.

त्यानंतरचं काम अक्षरशः विल्ह्याचं असतं. कमी, मध्यम आणि उच्च पातळीचा कचरा वेगळा करायचा. आपल्याकडे कमी आणि मध्यम पातळीचा घन कचरा प्रकल्पाच्या आवारातच, जमिनीच्या वरच्या थरात जातो : काही दगडी अस्तराच्या चरांत, काही काँक्रीटच्या चरांत, आणि त्याहून जास्त किरणोत्सारी असेल तो 'टाइल होल'मध्ये. टाइल होल म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या, आतून पोलादी अस्तर असलेल्या नळ्या. या शब्दाचं मराठीकरण करू नका, तिथे काम करणारा प्रत्येक माणूस टाइल होलच म्हणतो. उच्च पातळीचा कचरा आकारमानाने अगदी थोडा, पण एकूण किरणोत्सारितेचा फार मोठा वाटा त्याच्यात असतो. तो काचेकडे जातो. त्यावर स्वतंत्र लिहितो.

आणखी एक प्रतिसाद

'विल्हेवाट'ला आज चिकटलेला वास जाणार नसेल तर 'निक्षेप' का नको? 'भूगर्भीय निक्षेप' भारदस्तही वाटतं.

उत्तर

निक्षेप नको, आणि कारण महत्त्वाचं आहे. निक्षेप म्हणजे ठेव. जुन्या धर्मशास्त्रात विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली आणि मागितल्यावर परत द्यायची वस्तू म्हणजे निक्षेप. बँकेच्या भाषेतही तोच अर्थ उतरला आहे. इथे नेमकं उलट आहे. या क्षेत्रात साठवण आणि विल्हेवाट यांची सीमारेषा एकाच गोष्टीवर ठरते : परत काढायचा हेतू आहे की नाही. हेतू असेल तर साठवण, नसेल तर विल्हेवाट. परत मिळणाऱ्या ठेवीचा शब्द न परतणाऱ्या वस्तूला लावला तर ती सीमारेषाच पुसली जाते.

आपल्याकडे धान्याचं पेव असायचं. जमिनीत खणलेलं, वरून बंद केलेलं, पण दुष्काळात उघडायचं म्हणूनच भरलेलं. पेव ही साठवण. तारापूरला काचरूप झालेला कचरा पोलादी कॅनिस्टरमध्ये भरून कोठीत ठेवतात. काच अजून गरम असते. कोठीत पंखा नसतो, खालून थंड हवा येते, तापून उंच चिमणीतून वर जाते, तिच्या मागे पुन्हा थंड हवा येते. हीसुद्धा साठवण. वर्तमानपत्रात 'तारापुरात अणुकचऱ्याची कायमची विल्हेवाट' असं वाचलं की मला त्रास होतो. उच्च पातळीच्या कचऱ्याची अंतिम विल्हेवाट आपल्या देशात अजून झालेली नाही, आणि वाचकाला ते कळलं पाहिजे.

अंतिम म्हणजे काय ते फिनलंडमध्ये पाहायला मिळतं. ओल्किलुओतो बेटावर 400 मीटरहून खोल खडकात बोगदे खोदले आहेत. वापरलेलं इंधन आतून ओतीव लोखंडाच्या आणि बाहेरून 5 सेंटीमीटर जाड तांब्याच्या पात्रात घालायचं, पात्र खडकातल्या भोकात उतरवायचं, भोवती बेंटोनाइट माती ठासायची. ही माती पाणी लागलं की फुगते आणि फटी बुजवते. शेवटी बोगदासुद्धा भरून टाकायचा. जागेचं नाव ओंकालो, म्हणजे पोकळी, गुहा. कामाला त्यांच्या भाषेतला शब्द आहे 'लोप्पुसियोइतुस', शब्दशः 'शेवटचं जागी ठेवणं'. आपली जुनी विल्हेवाट याच्या किती जवळची आहे!

शब्द सैल सोडला की काय होतं ते जर्मनीत दिसलं. आस्से इथल्या मिठाच्या जुन्या खाणीत 1967 ते 1978 या काळात कचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपं उतरवली गेली. खाणीचं अधिकृत रूप होतं संशोधनासाठीची खाण. प्रयोग म्हणून सुरुवात झाली आणि पिंपं तिथेच राहिली. पुढे खाणीत पाणी झिरपू लागलं, आणि 2013 साली तो कचरा परत वर काढावा असा कायदा करावा लागला. प्रयोग, साठवण की विल्हेवाट, हे पहिल्या दिवशी स्वच्छ लिहिलं असतं तर त्या शब्दाबरोबर येणारी तपासणीही पहिल्या दिवशी आली असती, असं माझं मत आहे.

उत्तर (काचेबद्दल)

'काचेत बंद करणे' वाचून मुलांच्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येईल. बरणी फुटली की लोणचं बाहेर. इथे तसं नाही.

हिरवी बांगडी हातात घ्या. तिचा हिरवा रंग वरून दिलेला नसतो. बांगडी फुटली तरी तुकडा आतून तितकाच हिरवा असतो, धुतला तरी रंग जात नाही, कारण रंग देणारं द्रव्य काचेच्या जडणीतच बसलेलं असतं. कचऱ्याचं तेच करतात. नायट्रिक आम्लातला द्रव कचरा आणि काच बनवणारी द्रव्यं, मुख्यतः वाळूतली सिलिका आणि बोरॉनची संयुगं, भट्टीत एकत्र वितळवतात. तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास. सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि बाकीचे अणू त्या रसात विरघळतात. रस पोलादी कॅनिस्टरमध्ये ओतला की गोठून काळपट ठोकळा होतो. जाड, पिवळसर शिशाच्या काचेच्या खिडकीतून, यांत्रिक हातांनी हे काम चालतं. रस ओतताना त्या खिडकीतून दिसणारी लालभडक धार मी विसरणार नाही.

काचच का, तर स्फटिकासारखी तिची रचना ठरावीक साच्याची नसते. म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या अणूंना ती सामावून घेते. आणि पाण्यात ती अतिशय सावकाश विरघळते. कचऱ्याच्या घटकांप्रमाणे काचेची कृतीही बदलावी लागते. ट्रॉम्बेच्या सल्फेट असलेल्या कचऱ्यासाठी बेरियम घातलेली वेगळी काच तयार करावी लागली, कारण सल्फेट नेहमीच्या काचेत नीट मुरत नाही.

म्हणून माझी पसंती 'काचरूप करणे' आणि नाम हवं असेल तर 'काचीकरण' याला. 'काचबंद' नको.

आणखी एक प्रतिसाद

अर्धायुष्याबद्दलही कुणीतरी लिहा. माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी म्हणतात, "सर, अर्ध आयुष्य 30 वर्षं, म्हणजे पूर्ण आयुष्य 60."

उत्तर

सर, मुलांची चूक नाही, शब्दच तसा भास करून देतो. 'निमपट होण्याचा काळ' असं एकदा उलगडून सांगितलं की मग 'अर्धायुष्य' वापरायला हरकत नाही. सीझियम-137 चा हा काळ सुमारे 30 वर्षं. 30 वर्षांनी निम्मं, 60 वर्षांनी पाव, 90 वर्षांनी दोन आणे. अशा दहा पायऱ्या उतरल्या की साधारण हजारावा भाग उरतो, म्हणजे 300 वर्षं. पहिले बाजीराव 1720 साली पेशवे झाले. त्यांच्या वेळी कुणी सीझियम पुरून ठेवलं असतं तर आज ते हजाराव्या भागावर आलं असतं. इतपत काळ आपल्याला कळतो, आपल्याकडे त्या काळचे वाडे उभे आहेत. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य मात्र 24,000 वर्षांच्या वर आहे, आणि तिथे मनाला काही धरायला सापडत नाही.

आणि हा प्रश्न पुन्हा भाषेचाच होतो. आमच्या घरी पणजोबांचं मोडीतलं गहाणखत आहे. घरातल्या कुणालाही ते वाचता येत नाही. शाई स्वच्छ आहे, कागद धड आहे, मजकूर मराठी आहे, आणि चार पिढ्यांत तो आमच्यासाठी मुका झाला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये सुमारे 650 मीटर खोल मिठाच्या थरात 1999 पासून लष्करी अणुकार्यक्रमातला कचरा ठेवला जातो. तिथे 10,000 वर्षं पुरेल अशी धोक्याची सूचना कशी लिहायची याचा विचार करायला भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसवले होते. सात भाषा आणि चेहऱ्यांची चित्रं अशी योजना झाली. त्या सात भाषांत तिथल्या मूळ रहिवाशांची नव्हाहो भाषाही आहे, हे मला फार योग्य वाटतं.

त्याच ठिकाणची दुसरी गोष्ट या चर्चेत सांगायलाच हवी. 14 फेब्रुवारी 2014 ला तिथल्या एका पिंपात आतल्या आत तापून स्फोट झाला. पिंप लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेत भरलेलं होतं. नायट्रेटयुक्त कचऱ्यातला ओलावा शोषायला मांजरांसाठी मिळतं तसं शोषक द्रव्य घालत असत. ते हवं होतं खनिज मातीचं, म्हणजे असेंद्रिय. कामाच्या लेखी पद्धतीत आलं 'सेंद्रिय', आणि गव्हापासून बनवलेलं घातलं गेलं. नायट्रेट म्हणजे शोऱ्याचीच जात. शोरा आणि जळणारा पदार्थ शेजारी आले की काय होतं ते फटाके करणारा सांगेल. जवळजवळ तीन वर्षं ती जागा कचरा घेऊ शकली नाही. आपल्या भाषेत तो फरक एका 'अ'चा आहे.

विचारणा करणाऱ्यांकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. मासिकाने पुढच्या अंकात दुरुस्ती छापायचं कबूल केलं आहे, आणि बाईंनी स्वतःच मजकूर मागितला आहे. असा लिहिला आहे, पाहता का?

'मागील अंकात हा कचरा नष्ट करतात असे छापले गेले, ते चूक आहे. किरणोत्सारी कचरा नष्ट करता येत नाही. त्यातला उच्च पातळीचा कचरा निवडून, आटवून, काचरूप करून पोलादी डब्यांत भरतात. हे डबे आज तारापूर येथे कायमचे साठवलेले आहेत.'

उत्तर

छान झालं आहे. शेवटच्या वाक्यातला 'कायमचे' काढा आणि त्या जागी 'सध्या' घाला. मग आधीचा 'आज' लागणार नाही. 'डबे' हा शब्द बाईंनी कॅनिस्टर करायला सांगितला तर ऐकू नका, मुलांना डबा कळतो. आणि जागा उरली तर एक वाक्य वाढवा : 'त्यांची अंतिम विल्हेवाट अजून व्हायची आहे.'